एसटीनं येणारा निकाल

माझ्याकडे विद्यापीठाचं प्रमाणपत्र आहे. त्यावर ‘प्रथम श्रेणी’ असं छापलंय, खाली कुलसचिवांची सही आहे, शिक्का आहे. आईनं हौसेनं ते काचेत मढवून घेतलं होतं. एक्स-रे काढायची नोकरी मला त्याच कागदावर मिळाली आणि ती मी अजूनही करते आहे. तरी कुणी सहज विचारलं, की तुम्ही पास कधी झालात, तर माझी जीभ अडखळते. विद्यापीठानं मला पास केलं, त्यात वाद नाही. पण आमच्या सरांनी माझा निकाल राखून ठेवला होता, आणि सरांच्या निकालापुढे विद्यापीठाच्या निकालाला आम्ही विद्यार्थी काडीची किंमत देत नव्हतो.

नव्वदच्या दशकात वर्ध्याला रेडिओग्राफीच्या कोर्सला मुली जवळजवळ नव्हत्याच. हिंगणघाटला आमचं किराणा दुकान. मी एक्स-रे शिकायला जाणार हे कळल्यावर आत्या येऊन वडिलांसमोर ठाण मांडून बसली. ‘त्या किरणांनं पोट्टी वाळून जाईन, मंग कोन करन तिले?’ हा तिचा प्रश्न. वडिलांनी तो प्रश्न जशाच्या तसा कॉलेजात आणला आणि प्रॅक्टिकल शिकवणाऱ्या सरांपुढे ठेवला. सरांनी वडिलांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

‘भाऊ, दुकानात मिरचीचं पोतं हाये नं?’

‘आहे.’

‘रोज त्याच्यापाशी बसता. मिरची डोळ्यात घालता काय?’

‘नाही बुवा.’

‘मंग! हे बी तसंच. कुठी उभं राहाचं अन् कुठी नाई, ते शिकवतो मी तिले.’

वडिलांना पटलं. आत्याला माझ्या लग्नापर्यंत पटलं नाही.

दिसायला सर अगदी किरकोळ. बुटके, मान आखूड. आवाज मात्र असा, की डार्करूमचं दार बंद असलं तरी बाहेर नळावर उभ्या असलेल्या बायकांना आमची चूक कळावी. बारा महिने सफारी, मे महिन्यातही, आणि तिच्या वरच्या खिशात बडीशेप. ती त्यांनी कधी कुणापुढे धरली नाही. नम्रपणा त्यांच्या आसपासही फिरकलेला नव्हता. छातीचा एक्स-रे नीट काढणारी माणसं या जिल्ह्यात दोनच आहेत, असं ते प्रत्येक बॅचला सांगायचे. एका सीनिअरनं धीर करून विचारलं, ‘सर, दुसरा कोण?’ तर म्हणाले, ‘तो बी मीच. पण तो जवान होता.’

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला मशीनला हातही लावू दिला नाही. एकेकाला कपड्यांवरूनच पातळ गाऊन घालायला लावला आणि टेबलावर झोपवलं. थंडीचे दिवस होते, पाठ टेकली की मणका न् मणका जागा व्हायचा. माझी पाळी आली. ‘श्वास घे,’ सर म्हणाले. ‘रोख.’ मी रोखला. सर काचेपलीकडे गेले आणि शिपायाशी केळीच्या भावावर बोलत बसले. सेलूची केळी, पवनारची केळी, यंदा माल कसा आहे, सगळं झालं. माझे डोळे पांढरे व्हायची वेळ आली तेव्हा मी उठूनच बसले.

‘सर, सोडा म्हणायचं विसरलात तुम्ही!’

‘मी नाई विसरलो. तुमी विसरान म्हणून ठेवलं तुले तसं. घ्या म्हणता, रोखा म्हणता, बटन दाबलं का फिल्म पाह्याले पळता. तो बिचारा तथी रोखूनच पडला राह्यते. खेड्यातला माणूस सांगितल्याबिगर सोडत नाई वं. डॉक्टरच्या दारात आलेला राह्यते तो.’

फिल्म पुसट आली की जगभरातल्या एक्स-रे काढणाऱ्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं: पेशंट हलला. आम्हीही ते लवकरच शिकलो. सरांना त्या वाक्याची चीड होती. ‘पेशंट नाई हलला, तू हलला,’ असं म्हणून ते ती ओली फिल्म ज्यानं काढली त्याच्याच हातात द्यायचे, आणि त्यानं ती घेऊन पेशंटकडे जायचं, माझी चूक झाली, पुन्हा काढावा लागेल, असं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. दुसऱ्या कुणी सांगितलेलं चालायचं नाही. माझ्या एका वर्गमित्राला असं सांगता सांगता रडू कोसळलं होतं आणि पेशंटनंच, ‘जाऊ दे बाप्पा, मले काई घाई नाई,’ म्हणत त्याची समजूत काढली होती.

आमची वार्षिक परीक्षा रीतसर व्हायची, बाहेरून परीक्षक यायचे. सरांच्या हातात अंतर्गत परीक्षेचे मार्क होते आणि ते द्यायची रीत त्यांनी स्वतःच शोधून काढली होती. आम्ही आत एक्स-रे काढत असताना दुसरे एक मास्तर आमच्यासोबत असत आणि सर बाहेर बाकावर बसत. पेशंट बाहेर आला की त्याला शेजारी बसवून घ्यायचे. गाव कोणतं, पाऊसपाणी कसं, नातवंडं किती. मग हळूच, ‘आत कोन होतं?’ पेशंट म्हणाला, ‘पोट्टं लय हुशार हाये, इंग्रजीत बोलते,’ की त्या पोट्ट्याचे मार्क गेलेच समजायचं. ‘कोन होतं बाप्पा, काई ध्यानातच नाई राह्यलं,’ असं कुणी म्हटलं तर सर खूश. दवाखान्यातून घरी जाणाऱ्याला दुखवणारा नाहीतर मिरवणारा तेवढा लक्षात राहतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

माझ्या परीक्षेला कारंज्याच्या पुढच्या जंगलातली एक गोंड आजी आली होती. सुनेशी गोंडीत बोलायची, आमच्याशी मोजकंच मराठी. मी तिचा गुडघा टेबलावर नीट लावला, वाळूची पिशवी टेकूला दिली, फिल्म पहिल्याच खेपेला झकास आली. मनातल्या मनात मी पूर्ण मार्क घेऊनही टाकले. बाहेर सरांनी आजीला विचारलं. आजीनं थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘पोर बेस हाये. पन तिले कुठी जाचं हाये?’

झालं. सरांनी मला मार्क किती दिले ते आठवत नाही, पण हा प्रश्न त्यांनी मला जन्माचा चिकटवला. जिना भरभर उतरले की वरून आवाज यायचा, ‘कुठी जाचं हाये वं?’ डबा पटकन संपवला की, ‘कुठी जाचं हाये?’ गॅदरिंगला मी आभाराचं भाषण घाईघाईत उरकलं तेव्हा मागून अख्ख्या बॅचनं हीच आरोळी ठोकली. सर पहिल्या रांगेत बसून मिशीतल्या मिशीत हसत होते. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं. एवढ्या बारकाईनं माझ्याकडे तोपर्यंत कुणी पाहिलंच नव्हतं.

आम्ही शेवटच्या वर्षाला असताना कोर्सची तपासणी करायला एक समिती आली. मान्यता पुढे चालू ठेवायची की नाही ते त्यांच्या हातात. प्राचार्यांनी भिंती रंगवून घेतल्या आणि सरांना नवी सफारी शिवायला सांगितलं. सरांनी जुनीच इस्त्री करून घातली. प्रात्यक्षिक दाखवायला आम्ही काही मुलं मशीनजवळ उभी होतो, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. समितीतले एक गृहस्थ पुण्याकडचे, बोलायला गोड. त्यांनी सरांना विचारलं, ‘विद्यार्थी खरोखर किती शिकला, याचं मोजमाप तुम्ही कसं करता?’

हेडक्लार्कनं लगबगीनं टक्केवारीचा कागद पुढे सरकवला. पास किती, नोकरीला किती, सगळं टाइप केलेलं. सरांनी तो बाजूला सारला.

‘एसटीनं,’ ते म्हणाले.

‘म्हणजे?’

‘एसटीत बसून जातो अन् पाह्यतो. पोट्टं नोकरीले लागलं का काई वर्षं जाऊ देतो. ताजं ताजं राह्यते तवरिक कोनीबी चांगलंच करते. मंग जातो. तोंडाले दुपट्टा बांधतो, पेशंटाईच्या लायनीत बसतो, पाह्यतो.’

‘आणि त्याची नोंद कशी ठेवता?’

‘नोंद कायची? पास नाईतं नापास. त्याले माहीत, मले माहीत.’

‘नापास झाला तर?’

‘तं अखीन जातो.’

आणि मग संधी साधून सरांनी प्राचार्यांच्या देखत समितीकडे प्रवासभत्ता मागितला. प्राचार्य खिडकीबाहेर बघू लागले. पुण्याचे गृहस्थ डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मान्यता टिकली, ती हेडक्लार्कच्या कागदावर. भत्त्याचं कुणी नाव काढलं नाही.

आम्हाला तोवर ही गोष्ट सीनिअरांनी रचलेली वाटत होती. निरोपाच्या दिवशी ती सरांच्याच तोंडून ऐकली. भाषण वगैरे त्यांनी केलं नाही. पेढा हातात धरून उभ्या उभ्या म्हणाले, ‘विद्यापीठानं तुमाले पास केलं, चांगली गोष्ट हाये. माह्यावालं बाकी हाये. येतो मी.’

पुलगावच्या दवाखान्यात लागलेल्या आमच्या वर्गमित्राकडे ते खरंच आले. मघाशी सांगितलेला, पेशंटसमोर रडलेला, तोच हा. दुपट्ट्यात तोंड गुंडाळलेला एक म्हातारा सकाळपासून बाकावर बसलेला आणि याला काही पत्ता नाही. एका बाईला ‘थांबा जरा’ म्हणून हा फोनवर मेहुण्याशी लग्नाच्या हॉलबद्दल बोलत राहिला. फोन ठेवून वळतो तर म्हातारा उभा. दुपट्टा खाली केला, ‘नापास’ म्हणाला आणि निघून गेला. सर स्वतःचा एक्स-रे कधी काढून घ्यायचे नाहीत. दुखणं नसताना अंगावर किरण घेणं त्यांना पाप वाटे, म्हणून पाळी यायच्या आत ते रांगेतून उठायचे. पुढच्या वर्षी ते पुन्हा गेले. या वेळी ‘पास’ म्हणाले. मित्रानं मला त्याच संध्याकाळी फोन केला आणि सगळं सांगितलं. बायकोनं शिरा केलाय म्हणाला.

आर्वीला आमची एक सीनिअर होती. तिच्याकडे सर गेले तेव्हा एक आई कडेवर रडतं पोर घेऊन आली होती. पोराला धरायला आईला आत थांबावं लागणार होतं. सीनिअरनं काही बोलायच्या आधी किरण अडवणारा शिशाचा जड एप्रन खुंटीवरून काढून आईच्या अंगावर चढवला, मागची दोरी स्वतः बांधली, आणि मग पोराकडे वळली. सर दारातून म्हणाले, ‘पास,’ आणि बसस्टँडवर गेले. ही गोष्ट आमच्यात इतकी फिरली, की जिल्ह्यातल्या कितीतरी दवाखान्यांत एप्रनवरची धूळ त्या आठवड्यात झटकली गेली असेल.

मला हिंगणघाटलाच नोकरी लागली. वर्ध्याजवळ सिंदी मेघेतल्या सरांच्या घरापासून हिंगणघाट म्हणजे एका एसटीचा रस्ता. मी वाट पाहू लागले. पहिली काही वर्षं तर येणार नाहीत हे माहीत होतं. मग उन्हाळे येऊ लागले. आमच्याकडे उन्हाळ्यात बाया, बाप्ये, म्हातारे, सगळेच तोंडाला दुपट्टा गुंडाळून हिंडतात. बाकावर दुपट्टेवाल्यांची रांग लागलेली आणि त्यांतला कोणताही सर असू शकतो. मी प्रत्येकाशी सर असल्यासारखी वागायची. ऊन डोक्यावर आलेलं असायचं, मशीन रुसलेलं असायचं, घरी मुलगा तापानं फणफणलेला असायचा, आणि तरी मी म्हणायची, ‘काकाजी, टेबल थंड लागन बरं का.’ हाताखालची मुलगी म्हणायची, मॅडमचा स्वभावच असा आहे. स्वभाव कसला! मला पास व्हायचं होतं.

एका मे महिन्यात माझी खात्रीच पटली. पांढरा दुपट्टा, बुटका बांधा, आखूड मान. सकाळपासून बसलेला. पाळी आली की शेजारच्याला म्हणायचा, ‘तुमी जा पहिले.’ असं तीनदा-चारदा झालं. त्या सकाळी मी जे काम केलं ते कुठल्याही परीक्षकाला दाखवावं असं होतं. शेवटी रांग संपली, तो एकटा उरला. मी बाहेर गेले, त्याच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, ‘सर, आता पुरे. ओळखलं मी तुम्हाला.’

त्यानं दुपट्टा सोडला. अनोळखी चेहरा. जिनिंगमध्ये कापसाची दलाली करणारा कुणी एक गृहस्थ.

‘बाई,’ तो भारावून म्हणाला, ‘मले आजलोक कोनी सर नाई म्हटलं.’

त्याला मशीनचं भेव वाटत होतं, म्हणून तो सगळ्यांना पुढे पाठवत होता. मी त्याला आत नेलं, मशीनची नळी अंगावर कुठे येईल, आवाज कसा होईल, सगळं दाखवलं. हिरमुसल्यामुळे मी हळू बोलत होते आणि त्याला वाटलं, बाई किती मायाळू. पुढे त्यानं आपलं सगळं खानदान माझ्याकडेच एक्स-रेला पाठवलं. ‘ते सरवाली बाई कुठी बसते?’ असं विचारत लोक यायचे. आणि मी दर वेळी दाराकडे बघायची.

अशी कितीतरी वर्षं गेली. सर निवृत्त झाल्याचं कळलं. मला हळूहळू वाटायला लागलं, की ते मला विसरले. मग वाटायला लागलं, की विसरले नाहीत, येऊन गेले, मला नापास केलं आणि सांगण्याच्याही लायकीचं समजलं नाही. हे दुसरं वाटणं फार वाईट होतं. शेवटी एका रविवारी मीच एसटीत बसले आणि सिंदी मेघेला गेले.

काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, दार उघडलं. सर व्हरांड्यात खुर्चीवर होते, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेले. सफारी गेली होती, बनियन आणि लुंगी आली होती. आवाज तोच. मी पाया पडायला वाकले तर म्हणाले, ‘हळू, हळू. कुठी जाचं हाये?’ तेवढ्यात गॅसचं सिलिंडर घेऊन माणूस आला. त्यानं ते दारात धाडकन टेकवलं. सर मला म्हणाले, ‘नापास.’

‘दिवसभर हेच,’ काकू पाणी देत म्हणाल्या. ‘दूधवाला पास, पोस्टमन नापास. गुडघे गेले, आता घरी येईन त्याची परीक्षा.’

मला हसू आलं, पण मी हसायला आले नव्हते. सरळ विचारलं, ‘सर, तुम्ही माझ्याकडे का आला नाहीत?’

‘गुडघे पाह्यले नं?’

‘गुडघे आता गेले. त्याआधी?’

सरांनी गुडघ्याचा एक पट्टा सोडून पुन्हा बांधला. मग त्यांनी आर्वीचं नाव घेतलं. काकू बहिणीकडे आर्वीला गेल्या असताना अंगणात पडल्या, मनगट मोडलं. सर त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. एक्स-रेला आमची तीच सीनिअर. ती काकूंना ओळखत नव्हती आणि सर दाराबाहेर बाकावर होते. आतून त्यांना तिचा आवाज ऐकू आला. ती काकूंवर ओरडत होती. हलू नका म्हटलं ना, कळत नाही का, असं. काकू कळवळत होत्या. सर उठून आत गेले नाहीत. मोडलेलं मनगट घेऊन काकू बाहेर आल्या आणि दोघं मुकाट निघून आले.

‘मीच पास केलतं तिले,’ सर म्हणाले. ‘चांगलीच होती वं ते. मी पास म्हटलं अन् तिच्या डोक्यावरचं वझं उतरलं. मंग मी बाकीचे बी पाह्यले, ज्याईले पास केलतं ते. अर्धेअधिक ढिले पडले. काट्यावर ठेवलं का मालच हलका होत असन, तं काय कामाचा तो काटा? माह्यं मापच चुकलं. मंग मी जाणं बंद केलं.’

‘आणि आम्ही? आम्ही वाट पाहत बसलो!’

‘हाव. मुद्दामच नाई सांगितलं कोनाले. पाहू द्या म्हटलं वाट.’

मला संताप आला. इतक्या वर्षांचे उन्हाळे माझ्या डोळ्यांपुढून गेले. ‘हा अन्याय आहे सर,’ मी म्हटलं. ‘आता तरी सांगा. मी समोर बसले आहे. पास की नापास?’

‘लायनीत बसल्याबिगर कसं सांगू?’

‘अवं, मले अखीन रिझल्ट नाई भेटला,’ काकू आतून म्हणाल्या, ‘इतकी वर्षं सयपाक करून राह्यली मी. तू कायले घाई करतं?’

यावर सर हसले नाहीत. लुंगीवरून हात फिरवत म्हणाले, ‘मलेबी कोनी सांगितलं नाई अजून. शिकवलं तं खरं आयुष्यभर. पास झालो का नाई, कोनाले माहीत.’

एवढ्या गर्विष्ठ माणसाच्या तोंडून हे ऐकेन असं मला कधी वाटलं नव्हतं. त्यांनी विचारल्यासारखं विचारलं नव्हतं, पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांचीच विद्यार्थिनी. म्हटलं, ‘येते मी कधीतरी. दुपट्टा बांधून येते, लायनीत बसते आणि मग सांगते.’

सर असे हसले, की खुर्ची करकरली. डोळे पुसत म्हणाले, ‘येजो! येजो!’

निघताना काकू फाटकापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, ‘उन्हाळा लागला का पिशवी भरतेत ते. दुपट्टा, पान्याची बाटली, बडीशेप. हिंगनघाटची गाडी कवा हाये ते विचारतेत. मंग काईतरी कारन काढून बसूनच राह्यतेत. गुडघे चांगले होते तवापासून हे असंच हाये.’ मी एसटीत बसले तेव्हा राग कुठच्या कुठे गेला होता. खिडकीशी बसून मी भर दुपारी रडले आणि शेजारच्या बाईनं काही न विचारता मला जागा करून दिली.

मी पुन्हा जाणारच होते. मुलाची दहावी होती, मग सासूबाईंचं दुखणं, मग मशीन बदललं. जायचं आहे, जायचं आहे, असं मी स्वतःला म्हणत होते, आणि त्या म्हणण्यातही एक गंमत होती. आपल्यापाशी सरांचा निकाल आहे, तो आपण त्यांच्यासारखाच राखून ठेवला आहे, याचं मला मनातून कौतुक वाटायचं. तिकडे ते दाराकडे बघत असतील, आलेल्या प्रत्येक दुपट्टेवालीला नीट पारखत असतील, असं चित्र मी रंगवायची.

बातमी पुलगावच्या मित्रानं फोनवर दिली. त्या वेळी टेबलावर एक म्हातारी बाई होती, वायगावकडची, पायाचा घोटा सुजलेला. मित्र म्हणाला, सकाळी गेले, झोपेतच. मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. लगेच मशीनकडे न वळता मी बाईच्या उशाशी उभी राहिले. तिला वाटलं, मी तिच्यासाठीच थांबले. ‘दुखते वं माय,’ ती म्हणाली. मी म्हटलं, ‘हो आजी, दुखतं. सावकाश करू.’ घोटा नीट लावला, एक्स-रे घेतला, तिला आधार देऊन उठवलं, बाकावर बसवलं आणि फिल्मची कॅसेट घेऊन डार्करूममध्ये गेले.

दार लावलं, फिल्म औषधाच्या टाकीत सोडली आणि मग मला रडू आलं. पण फिल्मची वेळ असते, ती आपल्यासाठी थांबत नाही, म्हणून मी एक डोळा घड्याळावर ठेवूनच रडले. वेळ झाली तशी ती बाहेर काढली, धुतली, लाल दिव्यासमोर धरली. हाडाची बारीक चीर सुद्धा स्वच्छ दिसत होती. दुसरी काढायची गरज नव्हती. माझ्या कामात उणं काढावं असं त्या अर्ध्या तासात काही घडलं नव्हतं, आणि ते सगळं मी त्या एका माणसाकडून शिकले होते.

‘सर,’ मी मोठ्यानं म्हटलं, ‘तुम्ही पास.’

दारावर टकटक झाली. बाहेरून साफसफाईच्या बाईचा आवाज आला, ‘मॅडम, कोनासंग बोलून राह्यल्या? आत कोनी हाये काय?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘कोणी नाही.’